मध्यवर्ती ठिकाणी, सर्व सोयींनी युक्त

महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्याच्या गावी एस. टी. स्टँडमधून बाहेर पडले की एक पाटी हमखास दिसते. 'शहराच्या मध्यवर्ती ठिकाणी, सर्व सोयींनी युक्त, राहण्याची उत्तम व्यवस्था.' गेल्या वर्षी पावसाळ्यात अशाच एका पाटीखालचा जिना चढून मी सांगलीत आठ दिवस राहिलो. माझ्या आतेभावाचे हृदयाचे ऑपरेशन होते. तो जत तालुक्यातल्या खेड्यात राहतो. घरातली माणसे पाळीपाळीने यायची. रात्री इस्पितळात एकालाच थांबू देत. बाकीच्यांना पाठ टेकायला जागा हवी, आणि ती इस्पितळापासून चालत जाता येईल इतकी जवळ हवी, एवढ्याच हिशेबाने ही खोली घेतली होती. खोली दहा बाय बारा. रस्त्याच्या बाजूला जेमतेम एक खुर्ची मावेल अशी गॅलरी. जागरणामुळे झोप उडालेली, त्यामुळे आठ दिवस मी त्या गॅलरीतून खालचा रस्ता पाहत होतो.

पहाटे दुधाच्या किटल्या, भाजीचे टेंपो. सात वाजता शाळेच्या रिक्षा. दहा वाजता खेड्यांवरून आलेल्या मोटारसायकली आणि वडापच्या गाड्या. अकरा वाजता सगळे जे थांबायचे, ते दुपारी दोनला थोडे हलायचे आणि पाचला पुन्हा थांबायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नेमकी माझ्या गॅलरीखाली एक रुग्णवाहिका अडकली. भोंगा वाजत होता, आतल्या माणसाचे नातेवाईक खाली उतरून लोकांना हात जोडत होते, आणि गाडी इंचभर पुढे सरकत नव्हती. समोरचा रस्ता अडला होता तो दोन मोठ्या मोटारींमुळे. एक चाक गटारावर, तीन चाके रस्त्यात, अशा त्या उभ्या होत्या. त्यांचे मालक कोण, याचा शोध लागला तेव्हा कळले की ते आमच्याच मजल्यावर उतरले होते. मॅनेजर धावत वर आला, दार ठोठावून त्यांना उठवले, किल्ल्या घेऊन खाली गेला. रुग्णवाहिका माझ्या घड्याळाप्रमाणे अकरा मिनिटे उभी होती.

रात्री मॅनेजरला मी म्हटले, "अहो, गाडीवाल्यांना सांगत का नाही, इथे लावू नका म्हणून?" तो ओशाळला. म्हणाला, "साहेब, आता खोली बघायच्या आधी लोकं पार्किंग विचारतात. नाही म्हटलं की गिऱ्हाईक गेलं. मग म्हणायचं, लावा की समोर, कोण काय म्हणत नाही."

त्या मॅनेजरवर मी मनातल्या मनात बराच रागावलो. परंतु दोनच महिन्यांनी साताऱ्याच्या कोर्टात वडिलार्जित जमिनीच्या दाव्याची तारीख होती, आणि या खेपेला मी पुतण्याच्या मोटारीतून गेलो. राजपथाच्या आसपास एका जुन्या लॉजमध्ये उतरलो. पार्किंग आहे का, असे पुतण्याने आधी फोनवर विचारले होते. उत्तर अर्थातच 'लावा समोर' असे मिळाले होते. सकाळी खाली गलका ऐकू आला. घंटागाडीला वळायला जागा नव्हती, तिच्या मागे शाळेची बस, बसच्या मागे दुचाक्यांची रांग. समोरच्या पेढेवाल्याने वर पाहून हाक मारली, "काका, गाडी तुमचीच ना?" गाडी आमचीच होती. त्या सकाळची कोंडी आम्हीच केली होती.

हे दोन प्रसंग सांगायचे कारण असे की, आपल्याकडे शहरातल्या वाहतुकीची चर्चा जवळजवळ नेहमी मोटारीच्या काचेतून केली जाते. रस्ता अरुंद आहे, हातगाडे आहेत, पोलीस नाहीत, लोकांना शिस्त नाही. गॅलरीतून पाहिले तर प्रश्न निराळा दिसतो. मग असा विचार करावा लागतो की, गावाच्या मध्यावर मुक्काम करण्याचा हक्क कोणाला आहे, आणि त्याची किंमत कोण देतो?

या लॉजमध्ये कोण उतरते?

पर्यटन म्हटले की सरकारच्या डोळ्यांसमोर हॉटेलातला पाहुणा येतो. पण सातारा-सांगलीच्या पेठांतल्या लॉजची नोंदवही चाळली तर त्यात पर्यटक थोडेच सापडतील. कोर्टाच्या तारखेला आलेला पक्षकार, जिल्हा परिषदेत फाईल अडकलेला शिक्षक, औषध कंपनीचा प्रतिनिधी, हळद-बेदाण्याच्या सौद्यांना आलेला व्यापारी, पोरीच्या कॉलेज प्रवेशासाठी आलेला बाप, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे आजारी माणसाची माणसे.

सांगली-मिरजेच्या बाबतीत तर हे फार जुने आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केले, १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि पुढे खासगी इस्पितळांची रांगच लागली. जत, आटपाडी, सांगोला येथपासून थेट उत्तर कर्नाटकातल्या खेड्यांपर्यंतचे लोक उपचारासाठी इकडे येतात. एका रुग्णामागे दोन-तीन माणसे असतात आणि मुक्काम पाच दिवसांपासून महिन्यापर्यंत कितीही लांबतो. यांतले बहुतेक एस. टी.ने किंवा रेल्वेने येतात. रात्री अकरा वाजता रक्ताची बाटली आणायला सांगितले तर त्यांना उठून चालत जाता आले पाहिजे. आतेभावाच्या वेळी तसे झालेही. इस्पितळाने रात्री बोलावले, मी दहा मिनिटांत पोचलो. आमच्या शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचे जावई गावाबाहेरच्या चांगल्या हॉटेलात उतरले होते, स्वतःची मोटार होती. त्यांना त्याच रात्री एका मिरवणुकीमुळे पाऊण तास लागला.

'मध्यवर्ती' या शब्दाचा अर्थ गरजवंताला असा रात्री-अपरात्री कळतो.

साताऱ्यात याची दुसरी तऱ्हा आहे. १९०५ पासून साहित्य संमेलने भरवणारे हे शहर. १९९३ मध्ये विद्याधर गोखले यांच्या अध्यक्षतेखाली तेथे ६६ वे संमेलन भरले, तेव्हा आम्ही चौघे मित्र स्टँडजवळच्या एका खोलीत राहिलो होतो. गावभर चालत हिंडलो. आमच्यापैकी कोणाकडेच वाहन नव्हते आणि त्याची उणीवही भासली नाही. आज त्याच कामासाठी चौघे गेले तर किमान दोन मोटारी घेऊन जातील. माणसे तेवढीच, रस्ताही तोच. फरक पडला तो चारचाकींचा.

दोन शहरे, दोन तऱ्हा

सातारा आणि सांगली यांच्या कोंडीची कारणे सारखी नाहीत, हे आधी लक्षात घेतले पाहिजे.

सातारा हे डोंगराच्या पायथ्याशी वसलेले राजधानीचे शहर. १७०८ मध्ये छत्रपती शाहू महाराजांचा येथे राज्याभिषेक झाला आणि अजिंक्यताऱ्याच्या उतारावर एकेक पेठ वसत गेली. पुढे प्रतापसिंह महाराजांनी शहराची घडी बसवली. एका बाजूला किल्ला असल्याने शहर वाढले ते लांबट. वरचा रस्ता म्हणजे राजपथ आणि खालचा म्हणजे कर्मवीर पथ, या दोन समांतर रस्त्यांवर सगळा भार. त्यांना जोडणारे बोळ उताराचे आणि अरुंद. पूर्वेकडे पोवई नाका, पश्चिमेकडे राजवाडा, समर्थ मंदिर आणि बोगदा. शहर जणू नळी आहे. एका टोकाला ओतले की दुसऱ्या टोकाने बाहेर पडले पाहिजे.

या नळीत २०१२ नंतर एक नवाच प्रवाह सुरू झाला. त्या वर्षी कास पठाराचा समावेश पश्चिम घाटातल्या ३९ जागतिक वारसास्थळांत झाला. कासला जाणारा रस्ता बोगद्यावरून यवतेश्वरच्या घाटाने जातो. म्हणजे हायवे सोडून फुले पाहायला निघालेली पुण्या-मुंबईची बहुतेक मोटार साताऱ्याच्या पोटातून जाते. सप्टेंबरमधल्या शनिवार-रविवारी राजवाड्याजवळ उभे राहिले तर याचा प्रत्यय येतो. त्याच हंगामात साताऱ्याची डोंगरावरची अर्धमॅरेथॉन होते. तीही २०१२ मध्येच सुरू झाली. त्या दिवसांत गावात खोली मिळत नाही आणि रस्त्यावर पाय ठेवायलाही जागा नसते.

सांगलीचे दुखणे पाण्याचे आहे. सहा गल्ल्यांची म्हणून सांगली, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, पटवर्धनांनी १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळे होऊन कृष्णाकाठी जी राजधानी केली, ती नदीला धरून वाढली. गणपती मंदिर, गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड, शिवाजी मंडई, टिळक चौक हे सगळे जुने केंद्र नदीच्या जवळ आणि सखल भागात आहे. १९२९ मध्ये बांधलेल्या आयर्विन पुलावरची पाणीपातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, हे सांगलीतल्या लहान पोरालाही पाठ असते. २००५ मध्ये पाणी शहरात शिरले, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५७ फुटांवर गेली, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. मारुती चौक, टिळक चौक, स्टँडचा परिसर हा सगळा मध्यवर्ती भाग २०१९ मध्ये पाण्याखाली होता.

वाहतुकीच्या चर्चेत ही गोष्ट सहसा येत नाही. प्रत्येक पुरानंतर ज्याला परवडते तो माणूस, ते दुकान, ते हॉटेल पूर्वेकडे, विश्रामबागेच्या उंचावर सरकते. जुनी पेठ मात्र जागची हलत नाही. घाऊक बाजार, भाजी मंडई, सराफकट्टा, स्टँड सारे तेथेच. परिणामी राहायचे एकीकडे आणि काम दुसरीकडे. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड यांची एकत्र महानगरपालिका झाली, तेव्हापासून तर सांगली-मिरज रस्ता हा या शहराचा कणाच बनला आहे. पुरापासून दूर जाण्याचा निर्णय प्रत्येकाच्या दृष्टीने शहाणपणाचा. पण अशा हजारो निर्णयांची बेरीज म्हणजे रोज सकाळी त्या एका रस्त्यावर उभी राहणारी रांग. नदीचा पूर आठवड्याने ओसरतो. त्याने घडवलेला वाहनांचा पूर वर्षभर राहतो.

नाका मोकळा झाला, पण

कोंडीवर आपल्याकडे एकच औषध दिले जाते. पूल बांधा, भुयार खोदा, रस्ता रुंद करा. १९९५ नंतर मुंबईत पंचावन्न उड्डाणपुलांची घोषणा झाली तेव्हापासून प्रत्येक जिल्ह्याच्या गावाला आपलाही एखादा पूल हवा असे वाटू लागले. साताऱ्यात पोवई नाक्यावर सात-आठ रस्ते एकत्र येतात. तेथे भुयारी मार्गांचा ग्रेड सेपरेटर बांधला गेला आणि २०२१ च्या सुरुवातीस तो खुला झाला. बांधकामाच्या काळात गावकऱ्यांनी धूळ आणि वळसे सोसले. काम वाईट झाले असे माझे म्हणणे नाही. नाक्यावर पूर्वी जी चहूबाजूंनी गाठ बसत असे ती सुटली, हे मी स्वतः पाहिले आहे.

पण नाका ओलांडून गावात शिरले की पुढे काय? राजपथ तेवढाच आहे. नाक्यावर वाचलेली चार मिनिटे मोती चौकाच्या अलीकडे खर्ची पडतात. नळीचे तोंड रुंद केले आणि नळी तीच ठेवली तर पाणी कोठे तुंबेल, हे सांगायला अभियंता लागत नाही. शिवाय ज्याला गावात जायचेच नव्हते त्याची सोय झाली, गावात राहणाऱ्याची आणि उतरणाऱ्याची नाही. स्टँडवरून पिशवी घेऊन चालत निघालेल्या म्हातारीला या बांधकामाने काय दिले, असा प्रश्न विचारला तर उत्तर देणे अवघड आहे. तिला रस्ता ओलांडायचा आहे आणि पदपथावर दुचाक्या उभ्या आहेत.

वास्तविक केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात स्पष्ट म्हटले आहे की रस्त्यावरची जागा वाहनांना नव्हे, माणसांना द्यायची. वाक्य उत्तम आहे. अंमलबजावणीत मात्र मोजणी आजही वाहनांचीच होते. एका एस. टी.त चव्वेचाळीस माणसे बसतात आणि ती रस्त्यावर तीन मोटारींएवढी जागा घेते. तीन मोटारींत बहुधा पाच-सहा माणसे असतात. २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एस. टी.चा प्रदीर्घ संप चालला, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या माणसाने नाइलाजाने वडाप धरले किंवा हप्त्यावर दुचाकी घेतली. ही दुचाकी संप मिटल्यावर परत गेली नाही. पुढे ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट झाले, त्याने स्टँडवर पुन्हा गर्दी दिसू लागली ही समाधानाची गोष्ट आहे. या गर्दीला गावात उतरायला आणि राहायला जागा राहील ना, हे पाहणे आता आवश्यक आहे.

खोली भाड्याची, रस्ता फुकटचा

आता पुन्हा आमच्या त्या मॅनेजरकडे वळू. त्याच्या एका वाक्यात सगळा अर्थव्यवहार आहे.

मोटार उभी करायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, सुमारे १३५ चौरस फूट. माझी खोली दहा बाय बारा, म्हणजे १२० चौरस फूट. मी खोलीचे भाडे देत होतो. त्या भाड्यावर कर आहे. १८ जुलै २०२२ पासून हजार रुपयांखालच्या खोल्यांवरही १२ टक्के जी. एस. टी. लागला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्क्यांवर आला. शेजारच्या खोलीतल्या पाहुण्याची मोटार माझ्या खोलीपेक्षा मोठी जागा अडवून शहराच्या सर्वांत महागड्या भागात रात्रंदिवस उभी होती. तिच्यासाठी त्याने महापालिकेला एक छदामही दिला नाही. ज्या माणसाने वाहन आणले नाही त्याच्यावर कर, आणि ज्याने आणले त्याला जागा फुकट, असा हा उफराटा न्याय आहे.

कोणी म्हणेल, यावर नियम आहेत. आहेतच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२२ नुसार अडथळा होईल अशा रीतीने वाहन सोडून जाणे हा गुन्हा आहे आणि कलम १२७ नुसार असे वाहन उचलून नेता येते. राज्याच्या डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत निवासी हॉटेलांना स्वतःच्या जागेत पार्किंग ठेवण्याची सक्ती आहे. पण हा दुसरा नियम गावठाणात लावायचा कसा? तीस-चाळीस फूट रुंदीच्या दर्शनी भागात तीन मजले उभे केलेल्या लॉजने पार्किंग द्यायचे तर तळमजला पाडावा लागेल. जुन्या इमारतीचा मालक मग दुरुस्तीच करत नाही. दुरुस्तीला हात घातला की नवे नियम लागू होतील ही धास्ती. म्हणून भिंतीला ओल, विजेच्या वायरी लोंबत्या, आणि पाटीवर मात्र 'सर्व सोयींनी युक्त'.

अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ मध्ये फुकट पार्किंगच्या खऱ्या किमतीवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे की पार्किंग कधीच फुकट नसते. त्याची किंमत मोटार नसलेल्यांकडूनही वसूल होत असते, आणि प्रत्येक इमारतीवर पार्किंगची सक्ती केली की शहर पसरते, पसरले की मोटार आणखी लागते. सिंगापूरने १९७५ पासून, लंडनने २००३ पासून आणि न्यूयॉर्कने जानेवारी २०२५ पासून शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. ही श्रीमंत शहरे आहेत आणि त्यांच्याकडे भुयारी रेल्वे आहे, हे मला ठाऊक आहे. साताऱ्यात असा कर लावा असे मी म्हणत नाही. आपल्या पुण्यातच २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर होऊनही ते बराच काळ कागदावर राहिले, यावरून या विषयातला राजकीय धोका लक्षात येतो. पण तत्त्व साधे आहे. जागा घेणाऱ्याने जागेचे दाम द्यावेत.

हॉटेले हायवेला गेली तर?

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते. जुनी लॉज बंद पडली तर पडू देत. हायवेला भरपूर हॉटेले झाली आहेत, तेथे मोठे आवार आहे, पार्किंग आहे. गावात गर्दीच कशाला आणायची?

हे उत्तर मोटारवाल्याच्या दृष्टीने ठीक आहे. पण हिशेब करून पाहा. हायवेवर उतरलेल्या माणसाचे काम कोर्टात, इस्पितळात किंवा बाजारपेठेत असेल तर त्याला दिवसातून किमान दोनदा गावात यावे आणि दोनदा बाहेर जावे लागते. गावात उतरलेला माणूस त्याच कामाला चालत जातो. म्हणजे मुक्काम बाहेर गेल्याने गावातले वाहन कमी होत नाही, फेऱ्या वाढतात. आणि ज्याच्याकडे वाहन नाही त्याचे तर खोलीच्या भाड्यापेक्षा रिक्षाचे भाडे जड होते. साताऱ्याचे रेल्वे स्टेशन माहुलीला, गावापासून काही किलोमीटर दूर आहे. सप्टेंबर २०२४ पासून वंदे भारत गाडी तेथे थांबू लागली. पण वेगाने आलेला प्रवासी स्टेशनाबाहेर पडला की त्याला रिक्षावाल्याशी घासाघीस करावी लागते. दूर ठेवलेल्या सोयीची किंमत काय असते, हे सातारकरांना स्टेशनाने चांगले शिकवले आहे. एस. टी. स्टँडही गावाबाहेर न्यावा अशी सूचना अधूनमधून कोणत्या ना कोणत्या शहरात पुढे येते. तिला विरोध करण्याचे कारणही हेच आहे.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. पेठेत रात्री लॉजचा दिवा चालू असतो, चहाची टपरी उघडी असते, औषधाचे दुकान उघडे असते, म्हणून एकट्या बाईलाही इस्पितळातून रात्री खोलीवर येता येते. लॉज गेली की टपरी जाते, आणि संध्याकाळी आठनंतर तो भाग ओसाड होतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात खेड्यातल्या मुलांसाठी वसतिगृह काढले, पुढे १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. खेड्यातल्या मुलाला शिकायचे तर त्याला शहरात परवडणारी जागा हवी, एवढे साधे सत्य त्यामागे होते. ते शिक्षणाला लागू आहे तसेच औषधोपचाराला आणि न्यायालाही आहे. राहायला जागा नसेल तर इस्पितळ कितीही चांगले असो, ते जतच्या माणसाच्या उपयोगाचे नाही.

करण्यासारखे

मग करायचे काय? कोट्यवधींची कामे मी सुचवणार नाही. जी सुचतात ती लहान आहेत.

पहिले म्हणजे, पेठेतल्या रस्त्यावर गाडी लावण्याला तासाप्रमाणे पैसे आकारावेत आणि मध्यभागी दर जास्त ठेवावा. दुसरे, गावठाणातल्या लॉजवर स्वतःच्या आवारात पार्किंग करण्याची सक्ती करण्याऐवजी त्यांच्याकडून एक ठरावीक रक्कम घेऊन पेठेच्या कडेला सामायिक वाहनतळ करावा. साताऱ्याला २०२० च्या हद्दवाढीत शाहूपुरी, विलासपूर, गोडोलीचा भाग मिळाला आहे; त्यातली थोडी जागा यासाठी राखता येणे अशक्य नाही. पाहुण्याने गाडी तेथे लावावी आणि रिक्षाने लॉजवर यावे. लॉजवाल्यानेही फोनवर 'लावा समोर' न म्हणता हे सरळ सांगावे. सगळ्यांनीच सांगितले तर कोणाचेच गिऱ्हाईक जाणार नाही. एकट्याने सांगितले तर जाते, आणि म्हणूनच नियम सर्वांना सारखा लागतो.

तिसरे, कासच्या हंगामात मोटारी हायवेजवळ थांबवून तेथून पुढे एस. टी.च्या जादा गाड्या सोडाव्यात. चौथे, स्टँड ते इस्पितळ आणि स्टँड ते कोर्ट एवढे दोनच रस्ते तरी चालण्याजोगे करावेत. त्यांवरचा पदपथ सलग असावा आणि त्यावर ना दुचाकी असावी ना जाहिरातीचा फलक. हातगाड्यांना हुसकावण्यापेक्षा जागा आखून द्यावी, कारण मुक्कामी माणसाचे जेवण बऱ्याचदा त्यांच्यावरच अवलंबून असते. पाचवे सांगलीपुरते. जुन्या केंद्राला पुराच्या नावाखाली वाऱ्यावर सोडू नये. तळमजल्यावर खोल्या नसाव्यात, विजेची यंत्रणा उंचावर असावी, या अटींवर मालकांना दुरुस्तीची परवानगी सोपी करावी. आणि सांगली-मिरज मार्गावर शहर बस अशी धावावी की विश्रामबागेत राहणाऱ्याला मोटार काढणे मूर्खपणाचे वाटेल.

यांतल्या प्रत्येक गोष्टीला कोणाचा ना कोणाचा विरोध होईल. व्यापारी म्हणतील, गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. लॉजवाले म्हणतील, आमचे कंबरडे मोडेल. मोटारवाले तर म्हणतीलच. विरोध करणाऱ्यांत मीही होतो, असे साताऱ्याच्या त्या सकाळीपर्यंत म्हणता आले असते. गाडी दारात हवी, असा हट्ट धरणाऱ्यांत मी होतो.

आतेभाऊ बरा होऊन गावी गेला. तीन महिन्यांनी त्याला तपासणीला बोलावले, तेव्हा पुतण्या म्हणाला, गाडीने जाऊ. मी नको म्हटले. जतहून एस. टी.ने तो सांगलीला आला, मी स्टँडवर होतोच. पिशवी घेऊन आम्ही दोघे सावकाश त्याच लॉजपर्यंत चालत गेलो. छातीवर टाके असलेल्या माणसाला ते अंतर चालायला वीस मिनिटे लागली, कारण तीन ठिकाणी पदपथ सोडून रस्त्यात उतरावे लागले. मॅनेजरने ओळखले. चहा मागवला. मग सवयीने विचारले, "साहेब, गाडी कुठं लावलीय?"

गाडी नाही, असे सांगितल्यावर त्याने जिन्याजवळची, चढ-उतार कमी असलेली खोली दिली.